गुंडोपंतांची तसबीर

आमच्या हॉलच्या भिंतीला ओल आली आहे. ती वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून उतरते असं आमचं म्हणणं आहे, पावसाची आहे असं वरच्यांचं म्हणणं आहे आणि ‘बघू’ हे सोसायटीच्या सेक्रेटरींचं म्हणणं आहे. तिन्ही पक्ष आपापल्या म्हणण्यावर ठाम असल्यामुळे ओलही जागच्या जागी ठाम आहे. रंग देऊन झाला. वॉटरप्रूफिंगवाला येऊन पैसे घेऊन गेला. शेवटी बायको म्हणाली, “त्यावर काहीतरी मोठं लावून टाकू.” टेप लावून मोजलं. दोन फूट बाय तीन फुटांचं काहीतरी लागणार होतं.

आईनं अष्टविनायक सुचवले. एकदम आठ देवांना ओलीवर बसवायला बायको तयार होईना. मेहुण्यानं धबधब्याचं चित्र देऊ केलं, पण त्या भिंतीवर आणखी पाणी नको असं माझं मत पडलं. तेवढ्यात कन्येनं सोफ्याखालून बाहेर आलेल्या शेपटीकडे बोट दाखवलं. “गुंडूचं लावू ना!”

घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एखादा ठराव एकमतानं मंजूर झाला. ते एकमत पुढच्या वाक्यापर्यंत टिकलं. मी म्हणालो, “छान फोटो काढून कॅनव्हासवर छापून घेऊ.” आणि त्याच श्वासात बायको म्हणाली, “छानसं चित्र रंगवून घेऊ.”

गुंडू जातीनं अस्सल गावठी. रंग काळा कुळकुळीत, छातीवर पांढरा टिळा, एक कान उभा आणि दुसरा कायमचा रजेवर. पावसाळ्यात पार्किंगमध्ये कुडकुडत बसला होता, तो ‘पाऊस थांबेपर्यंत’ या अटीवर घरात आला. त्याच्या हिशोबानं तो पाऊस अजून थांबलेला नाही. ‘कुत्रं घरात नको’ म्हणून आई तेव्हा जेवायची थांबली होती. आता ती त्याला गुंडोपंत म्हणते, अहोजाहो करते आणि “गुंडोपंत, सोफ्यावरून उतरा बरं” असं सांगून स्वतःच त्यांच्यासाठी जरा सरकून बसते.

बायको कोल्हापूरची. त्यामुळे कलेचा विषय निघाला की तो माहेरचा विषय होतो. “आमच्या कोल्हापुराला उगाच नाही कलापूर म्हणत. आबालाल रहिमान आमचे, बाबूराव पेंटर आमचे. बाबूरावांचं आडनाव खरं मेस्त्री, पण लोकांनी पेंटरच करून टाकलं. तुमच्या पुण्यात काय रंगवतात?”

“पाट्या,” कन्या म्हणाली. घरातल्या घरात फितुरी झाल्यावर माणसानं काय बोलावं!

मी इतिहासाची मदत घ्यायला गेलो, तर इतिहासही सासुरवाडीला मिळालेला. १६१२ साली मुकर्रबखानानं गोव्याहून बादशहा जहांगीरासाठी काही अजब पशुपक्षी नेले. त्यांत एक टर्की कोंबडा होता. जहांगीर इतका खूश झाला की त्यानं चित्रकारांना ते सगळे काढायला लावले, आणि वर आठवणींत लिहून ठेवलं की पणजोबा बाबरानं प्राण्यांची वर्णनं पुष्कळ लिहिली, पण चित्रं काही काढून घेतली नाहीत. उस्ताद मन्सूरनं काढलेला म्हणून ओळखला जाणारा तो कोंबडा आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. “बघा,” बायको म्हणाली, “कोंबड्याला जमतं, आपल्या गुंडूला नको?” जहांगीराकडे मोबाइल असता तर त्यानंही फोटोच काढला असता, आणि सकाळी सगळ्या सुभेदारांना सुप्रभात म्हणून पाठवला असता, असं मी म्हटलं. पण तोपर्यंत निकाल लागला होता.

त्यात आईनं कुत्राछाप तबकडी काढली. माळ्यावर तिच्या माहेरच्या नाट्यगीतांच्या तबकड्या आहेत. त्यांच्यावरचा तो कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा चित्रातलाच आहे, फोटोतला नाही. हे खरं आहे. त्या कुत्र्याचं नाव निपर. तो १८९५ साली वारला आणि फ्रान्सिस बॅरोनं त्याला रंगवलं ते त्यानंतर. मूळ चित्रात समोर दुसऱ्याच जातीचं यंत्र होतं. ग्रामोफोन कंपनी म्हणाली, आमचं यंत्र काढलंत तर चित्र घेतो. बॅरोनं जुन्या यंत्रावर रंग मारून नवं काढून दिलं आणि ५० पौंड चित्राचे, ५० पौंड हक्काचे घेतले.

“म्हणजे त्याला पैसे मिळाले,” आई विचारात पडली. “आपण का देतोय?”

शेवटी असं ठरलं की मी फोटोचं बघायचं, तिनं चित्राचं बघायचं आणि जे चांगलं होईल ते लावायचं. ‘चांगलं’ कुणी ठरवायचं हे मुद्दामच ठरवलं नाही. संसार टिकतात ते अशा जागा सोडल्यामुळे.

मला वाटत होतं, माझं काम सोपं. मोबाइलमध्ये गुंडूचे फोटो इतके आहेत की जागा उरली नाही म्हणून मी स्वतःच्या लग्नाचे काढून टाकले. पण भिंतीवर लावण्याजोगा शोधायला बसलो आणि घाम फुटला. निम्म्या फोटोंत तो झोपलेला. उरलेल्यांपैकी निम्म्यांत तो फोटोतून निघून जात असलेला. फ्लॅश मारून काढलेल्यांत डोळ्यांच्या जागी दोन हिरवे दिवे, कारण कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे चकाकणारा थर असतो आणि तो उजेड परत पाठवतो. फ्लॅश न मारलेल्यांत नुसता लाल पट्टा, तोही हवेत तरंगणारा.

म्हणून स्टुडिओत नेलं. पासपोर्ट आणि स्थळांचे फोटो काढण्यात त्या गृहस्थांची हयात गेलेली. त्यांनी गुंडूला स्टुलावर बसवलं आणि सवयीनं म्हणाले, “खांदे सरळ. हनुवटी थोडी खाली. किंचित हसा.”

गुंडूनं जांभई दिली. पहिला फोटो आला त्यात कुत्रा राखाडी. मी म्हटलं, “अहो, हा काळा आहे.”

“काका, कॅमेरा जगाला मध्यम राखाडी समजून चालतो. समोर सगळं काळंच दिसलं की त्याला वाटतं अंधार पडलाय, मग तो आपला उजेड वाढवतो.”

मग त्यांनी उजेड कमी केला. कुत्रा काळा झाला आणि नाक, तोंड, डोळे सगळे त्यात बुडाले. मग दोन्ही बाजूंना पांढऱ्या छत्र्या उभ्या केल्या. छत्री उघडली की कुणीतरी फिरायला निघतं, एवढं गुंडूला पक्कं माहीत आहे. तो स्टुलावरून उतरून दारापाशी जाऊन बसला. त्याला परत आणण्यासाठी मी पोळीचा तुकडा दाखवला. त्याच क्षणी त्यानं जो चेहरा केला तो काय वर्णावा! मान वर, नजरेत तेज, कानसुद्धा अर्धा उठलेला. तोच एक फोटो साधला. स्वामिनिष्ठेचा पुतळा वाटतो. त्या नजरेच्या रोखानं गेलं तर चौकटीच्या बाहेर फक्त पोळी आहे, पण ते आम्ही कुणाला सांगत नाही.

मधल्या काळात मेहुणीनं व्हॉट्सअ‍ॅपवर गुंडूचा एक सुंदर फोटो पाठवला होता. तोही घेऊन मी छपाईच्या दुकानात गेलो. तिथला पोरगा स्क्रीनकडे बघून म्हणाला, “हा फाटेल.”

“कापड नीट वापरा मग.”

“कापड नाही काका, फोटो फाटेल. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलाय ना? लांब बाजूला १६०० टिंबं आहेत. तुम्हाला पाहिजे ३६ इंच. इंचाला ४५ पण नाही आली. निदान शंभर तरी पाहिजेत. दीडशे असली तर भारी.” मी लांबून बघणार आहे म्हटलं. “किती लांबून?” म्हणाला. आमचा हॉल दहा बाय बाराचा. त्यानं हिशोब करून सांगितलं की जिन्यात उभं राहून बघितलं तर चालेल.

स्टुडिओतला फोटो दिला. तो छापून आला तेव्हा मी खरोखर हरखलो. केस अन् केस दिसत होता. पण कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणून मागे ठोकतात आणि त्यासाठी चारी बाजूंनी दीडेक इंच चित्र कडेवर वळतं, ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. उभा कान वर गेला. शेपूट उजव्या कडेला गेली. समोरून बघितलं तर एक कान पडलेला, एक नसलेला आणि शेपूट नाही असा प्राणी. शेपूट बघायची असेल तर बाथरूमच्या दारात उभं राहून डावीकडे बघावं लागतं. छान दिसते तिथून.

बायकोची आघाडीही काही सुखात चालली नव्हती. तिनं आधी ऑनलाइन ‘हाताने रंगवलेले पोर्ट्रेट’ मागवण्याचा विचार केला होता. नमुना हातात आल्यावर पुण्याची सून असल्यामुळे तिनं भिंग लावलं. खाली छापील टिंबं. वर पारदर्शक जेलचे फटकारे, तेही नाकावरून सुरू होऊन थेट पार्श्वभूमीत शिरलेले. हातानं रंगवलेलं होतं हे खरंच. फक्त रंग नव्हता.

मग माहेरच्या ओळखीतून पेंटर मिळाले. मान डोलवत बोलणारे, पूर्वी सिनेमाची बॅनरं केलेले सज्जन गृहस्थ. त्यांनी सोबत नमुने आणले होते. एक शेठजी, एक आमदार, एक बैल आणि एक लॅब्राडॉर. चौघांचे डोळे तेच.

“गिऱ्हाइकाला पाणीदार लागतात,” पेंटर म्हणाले. “दर डोक्यावर आहे. एक डोकं असेल तर अमुक, दोन असतील तर दुप्पट.”

आईनं पदर सारखा केला. “माझं डोकं नको हो. फक्त हात घ्या. त्याच्या पाठीवर ठेवलेला.”

“आजी, हात लई अवघड. हाताचे डोक्याएवढेच पडतील.”

“बांगड्या नसल्या तरी?”

हात रद्द झाला. तेवढ्यात कन्येनं मोबाइल पुढे केला. परदेशात म्हणे लोक आपल्या कुत्र्यामांजरांना सेनापतीच्या डगल्यात, बिल्ले लावून रंगवून घेतात. तिला तसंच पाहिजे होतं. डगला कुणालाच पटला नाही, पण डोक्यावर काहीतरी असावं यावर चर्चा घसरली. मी पुणेरी पगडी म्हणालो. बायको कोल्हापुरी फेटा म्हणाली. गुंडू मूळचा पार्किंगचा, म्हणजे नक्की कुठल्या गावचा, इथून सुरुवात झाली ती लग्नात कुणाकडच्या मंडळींना गरम जेवण मिळालं नव्हतं तिथपर्यंत गेली. पेंटरनी खूप संसार पाहिलेले असावेत. ते शांतपणे म्हणाले, “फेट्यात पडका कान लपतो. पगडीत लपत नाही.”

फेटा ठरला. त्यांनी तिथल्या तिथे कोळशानं कच्चं स्केच काढून दाखवलं. फेट्याला तुरा, खाली गंभीर चेहरा, छातीवर टिळा, पाणीदार डोळे. आम्ही सगळे बघत राहिलो. आई बराच वेळ चष्मा पुढेमागे करत होती. “हे मी कुठंतरी पाहिलंय,” ती म्हणाली. मग सगळ्यांच्या माना एकदमच शोकेसवरच्या आमच्या लग्नाच्या फोटोकडे वळल्या. त्यात बायकोचे वडील फेटा बांधून, कन्यादान करताना असावा तेवढ्याच गंभीर चेहऱ्यानं उभे आहेत.

कुणी काही बोललं नाही. मी तर अजिबातच बोललो नाही. बायकोनं पेंटरना फेटा काढून टाकायला सांगितला. ते स्केच मात्र कन्येला फार आवडलं. तिनं ते फ्रिजवर चिकटवून टाकलं.

काही दिवसांनी पेंटरनी प्रगती दाखवायला बोलावलं. चित्रातला कुत्रा निळा होता. जांभळट निळा.

“काळा रंग मी वापरत नाही, वहिनी,” ते म्हणाले. “काळा मारला की चित्रात भोक पडतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर एकत्र केलं की जिवंत काळा येतो. अंबर अजून घालायचाय.” आईनं हात जोडले. तिला तो विठ्ठलाच्या अंगानं जाणारा वर्ण आवडला होता आणि अंबर घालूच नये असं तिचं मत होतं.

शेवटचा हात फिरवायला चित्र आमच्या घरी आलं. “डोळ्यातली चमक जनावर समोर बसवूनच टाकतो,” असा पेंटरांचा बाणा. चमक टाकून झाली. “तेलरंग आहे. पंधरा दिवस हात लावू नका. वार्निश तर सहा महिन्यांनी,” असं बजावून त्यांनी ते भिंतीला टेकवून ठेवलं आणि चहा घेऊन गेले. हात लावू नका हे आम्हा सगळ्यांना नीट समजलं. शेपटीबद्दल ते काही बोलले नव्हते.

रात्री गुंडू स्वतःच्या चित्रासमोरून गेला. मग वळला. एका अनोळखी कुत्र्यानं आपल्या हॉलमध्ये ठाण मांडलंय हे लक्षात येऊन त्यानं त्याच्या अंगाला अंग घासलं. ती मैत्री होती की दमदाटी, हे समजायला मार्ग नाही. सकाळी उठलो तर सोफ्याला निळी झाक, पडद्याला निळे फटकारे, फ्रिजला कुत्र्याच्या उंचीवर एक लांबलचक निळी रेघ, आणि आईच्या नऊवारीवर शेपटीचा आख्खा ठसा. रेघेवरून तो रात्रभर कुठे कुठे हिंडला ते कळत होतं. आमची समजूत होती की तो दारापाशी झोपतो आणि घर राखतो. रेघ थेट स्वयंपाकघरातल्या पोळ्यांच्या डब्यापाशी संपली होती.

मी टर्पेंटाइन शोधायला धावलो. पशुवैद्य डॉक्टर फोनवरच ओरडले, “अजिबात नको! कातडी भाजेल, चाटलं तर पोटात जाईल. खायचं तेल चोळा, पुसून घ्या, मग साबण.” आईनं गुंडोपंतांना खोबरेल तेल लावून साग्रसंगीत अभ्यंगस्नान घातलं.

पेंटर धावत आले. चित्रात मानेपासून खांद्यापर्यंत गुंडूचे खरे केस रुतून बसले होते. त्यांनी वाकून बघितलं. लांबून बघितलं. “राहू द्या,” म्हणाले. “पोत आलाय.” बायकोनं माझ्याकडे असा कटाक्ष टाकला की बस्स. “तुमच्या फोटोत आहे का त्याचा एक तरी खरा केस?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या फोटोत शेपूटही नव्हती.

आता निवड करायची वेळ आली. पण दोघांनाही हार पत्करावी लागली नाही. आम्ही कलेत गुंतलो असताना ओल स्वस्थ बसली नव्हती. ती आता पाच फुटांपर्यंत गेली होती आणि एकट्या फोटोनं किंवा एकट्या चित्रानं झाकली जाण्यातली राहिली नव्हती. दोन्ही शेजारी शेजारी लावली. डावीकडे बिनशेपटीचा काळा, उजवीकडे केसाळ निळा. घरात शांतता नांदू लागली.

दसऱ्याला आईनं झेंडूचे हार केले. दाराला घातला, गाडीला घातला, देवांना घातले आणि उरलेले दोन गुंडोपंतांच्या दोन्ही तसबिरींना घातले.

“अगं आजी, असे हार मेलेल्यांना घालतात!”

“गाडीला पण घातलाय. गाडी मेलीये का?”

संध्याकाळी सोनं द्यायला वरचे काका-काकू आले. हेच ते बाथरूमवाले. काकांच्या हातातली आपट्याची पानं तशीच राहिली. आपल्याकडे हॉलमध्ये एवढी मोठी तसबीर लागायची तर माणसाला आधी जावं लागतं. इथे तर दोन तसबिरी, दोन्हींना ताजे हार आणि नेमका त्या वेळी गुंडू बेडरूममध्ये झोपलेला.

“अरेरे,” काका म्हणाले. “कळलंच नाही हो आम्हाला. जिन्यात रोज माझ्यावर भुंकायचा बिचारा.” त्यांनी डोळे पुसले. मग भिंतीकडे पुन्हा बघितलं आणि तसबिरींच्या वर उरलेली बोटभर ओल त्यांना दिसली. “त्याच्या फोटोला पाणी लागायला नको. मी उद्याच प्लंबर बोलावतो. खर्च आमचा.”

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी आईकडे बघितलं. आईनं उठून बेडरूमच्या दाराला बाहेरून कडी घातली आणि पदर डोळ्यांना लावला. इतकी वर्षं सोसायटीच्या सभांमध्ये जे झालं नाही ते एका हारानं होत होतं. प्लंबर येऊन जाईपर्यंत गुंडूनं वारलेलं राहावं, यावर कुणीही न बोलता एकमत झालं. आतून दार खरवडल्याचा आवाज आला, मग एक जोरदार भुंकणं.

“हे काय?” काका दचकले.

“रेकॉर्डिंग,” कन्या म्हणाली. “आजी रोज ऐकते.”

काकांना हुंदका आवरेना. काकू पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात, म्हणून बायको मागोमाग गेली. काकू फ्रिजसमोर हात जोडून उभ्या होत्या.

“तुमचे वडील ना?” त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. “डोळे अगदी तुमच्यासारखे आहेत हो. कधी गेले?”